गप्प पिंपं

१७ सप्टेंबर

अजून गप्प! सहाच्या सहा पिंपं. रस भरून आज पाचवा दिवस.

सकाळपासून तळघरात कान लावून बसले होते. लाकडाला कान लावला की आतून बारीक चुरचुर ऐकू यायला हवी — रस फसफसायला लागल्याची. आमच्या घरात म्हणतात, पिंप बोलायला लागलं. चौथ्या दिवशी बोलतंच. सासूबाईंच्या हाताखाली चाळीस वर्षं कधी चुकलं नाही. बाहेरून आणलेलं काही घालायचं नाही. तळघराच्या भिंतींत, पिंपांच्या लाकडात, द्राक्षांच्या सालीवर जे काही जिवंत असतं, तेच सगळं काम करतं. म्हणून तर आमची पांढरी वाइन दुसऱ्या कुणाच्या वाइनसारखी लागत नाही. जराशी गढूळ, जराशी खारट, आणि शेवटी जिभेवर ओल्या पाटीची चव.

ते जे जिवंत होतं ते मी धुऊन टाकलंय.

लिहिलं एकदाचं.

१८ सप्टेंबर

नीट सगळं लिहून काढते. सांगायला तर कुणी नाही.

जुलैत सासूबाई बागेत वेली बांधताना शिडीवरून पडल्या. खुबा मोडला. तळघराची किल्ली माझ्याकडे आली. लग्नाला अठरा वर्षं झाली, तोवर मी खाली फक्त बादल्या उचलल्या होत्या. वाटलं, आता दाखवूच काय ते! भिंतींवर काळ्या बुरशीचा थर, पिंपांना चिकटा, कोपऱ्यांत जाळी. ऑगस्टभर घासत होते. कढत पाणी, सोडा, तारेचा ब्रश. पिंपं आतून दोनदा वाफवली. भिंतींना चुना दिला. नवरा दारात येऊन म्हणाला, "इथं आता दवाखाना उघडता येईल." आम्ही दोघंही हसलो.

अति तिथे माती म्हणतात. इथे माती उरली असती तरी चाललं असतं.

दुपारी त्यांच्या खोलीत औषध घेऊन गेले. "बोलायला लागली का पिंपं?" मी म्हटलं, "लागली ना, आई. कालपासून." विचार न करताच तोंडातून निघून गेलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. आणखी काही?"

"नाही," मी म्हटलं.

२० सप्टेंबर

दोन शेगड्या खाली नेल्या. गरम पाण्याच्या पिशव्या पिंपांना बांधल्या. लांब काठीने रस ढवळला. पिंपांची इतकी सेवा मी नवऱ्याच्या तापातही केली नव्हती. काही नाही. आठ दिवस झाले. रस गोडच्या गोड, पोरांच्या सरबतासारखा.

२१ सप्टेंबर

खोटं बोलायला सुरुवातीलाच जड जातं, पुढे सवय होते. आज सासूबाईंना म्हटलं, "तीन नंबरचं जोरात आहे, पाच नंबरचं जरा मागे आहे." त्या म्हणाल्या, "पाच नंबर पहिल्यापासून आळशी." मीही हसले. दोन घटका खरंच वाटलं, खाली सगळं चाललंय. पायऱ्या उतरले, आणि ती शांतता!

निघताना परत त्यांचं तेच — "आणखी काही?" जन्मभर दुकानदार असल्यासारखं विचारतात. मान हलवली आणि आले.

२२ सप्टेंबर

नणंदेचा फोन. शहरातलं दुकान तीच बघते. "वहिनी, लोक विचारतायत. यंदा आईशिवाय जमलं का?" मी म्हटलं, "जमतंय." "बघ हं," ती म्हणाली, "आईनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही ते काही उगाच नाही."

ती वाईट नाही. पण फोन ठेवल्यावर मी भांडी इतकी आपटली की एका कपाचा कान गेला.

२३ सप्टेंबर

चार नंबरच्या तोंडाशी पांढरी साय. आंबूस वास. चिलटं घोंगावायला लागलीत. सायीखालून थोडा रस काढून चाखला, तो अजून ठीक आहे. पण दोन-चार दिवसांत सगळ्याचा व्हिनेगर होणार. वर्षभराची बाग! नवऱ्याने जानेवारीच्या बर्फात बोटं गारठवून केलेली छाटणी, हाताने काढलेलं गवत, पहाटे उठून वेचलेल्या अळ्या — विषाचा एक थेंब न फवारता वाढवलेली द्राक्षं, आणि शेवटी माझ्या ब्रशापायी वाया.

नवऱ्याला आज कळलं. स्वतःच खाली आला होता, पिंपाला कान लावला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाला, "यीस्टच्या पुड्या आणतो. सगळेच घालतात."

"मग बाटलीवर काय लिहायचं?" बाटलीवर सासूबाईंच्या अक्षरात छापलेलं असतं — हिच्यात आम्ही काहीही घातलेलं नाही.

"द्राक्षं तर आपलीच ना?"

"आईंना विचारू या?"

"विचारायचं कशाला? आई पडलीय ते कमी आहे? हे ऐकून आणखी खचेल." मग हळूच, "तूच तर सांगितलंयस ना तिला, की बोलतायत म्हणून?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

२४ सप्टेंबर

आज सगळं सांगून टाकायचं ठरवून त्यांच्या खोलीत गेले. उशी नीट केली, पाणी दिलं, परत आले.

त्या ही पिंपं पोराबाळांसारखी बाळगून होत्या. काय सांगू? तुम्ही चाळीस वर्षांत कमावलेलं मी एका महिन्यात घासून काढलं? मला लाज वाटते. आणि लाजेपेक्षा भीती. या घरात मी पुन्हा बादल्या उचलणारी होईन, कायमची.

२५ सप्टेंबर

दुपारी तीनला पुड्या ओतल्या. नवऱ्याने कोमट पाण्यात कालवून दिल्या, मी प्रत्येक पिंपात घातल्या. साय काढलेल्या चार नंबरमध्येही. सहाव्याला हात थांबला. त्याने माझ्या हातातून भांडं घेतलं आणि ओतलं. वर येऊन तो अंगणात कुंपणाची तार दुरुस्त करत बसला, जी तुटलेली नव्हती.

या पुड्यांमधलं जे जिवंत आहे ते आता लाकडात शिरणार. पुढच्या वर्षीही तेच उठणार. आमची वाइन सगळ्यांसारखी होईल. चांगली असेल कदाचित. पण आमची नसेल.

२६ सप्टेंबर

सकाळी चहा घेऊन गेले तर सासूबाईंनी मला जवळ बसवलं. माझी वेणी हातात घेऊन नाकाशी धरली.

"आज येतोय वास," म्हणाल्या. "पिंपं उठली की बाईच्या केसांना वास धरतो, धुतले तरी जात नाही. तू आठवडाभर नुसत्या साबणाच्या वासाची येत होतीस." मी मान खाली घातली. "रोज विचारत होते ना मी, आणखी काही? म्हटलं, स्वतः सांगू दे. मलाही लग्नानंतर पहिल्याच वर्षी सगळं घासायची हौस आली होती. वेलींवर राहून गेलेले घड असतात ना, तेवढे बादलीभर सालींसकट तुडवायचे, चुलीशेजारी ठेवायचे. चौथ्या दिवशी बादली बोलते. मग तीच पिंपांत वाटून टाकायची. एवढंच असतं. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

कप तसाच हातात होता. खाली सहाही पिंपं जोरात बोलत होती, जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.