हात न उचलता बारा आठवडे

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून डायरी. गारखेड्याच्या दवाखान्यात हार्टवाल्यांसाठी व्यायामाचा वर्ग आहे. तिथल्या अक्षदा मॅडमनी सांगितलं, रोज किती चाललात अन् राग कशाचा आला ते लिहा, कोणाला दाखवायची गरज नाय. चाललो: अजून नाय. राग: येत नाय. मी बिरू मुळातच शांत माणूस आहे. अख्ख्या मुकुंदवाडीत कोणालाही विचारा. कोपऱ्यावरचा किराणावाला सोडून.

हार्टचं एकदा लिहून टाकतो. ऑगस्टमधी आमच्या हनुमानला बघायला मुलीकडचे आले होते. मुलीचा मामा चहा पिता पिता म्हणाला, तुम्ही कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होता म्हणं, मग स्वभाव कडक असंल. मी शांतपणे त्याची कॉलर धरली. हनुमान मधी पडला. मग त्याला पाहुण्यांदेखत तीन ठेवून दिल्या. तिसरीला छातीत कळ आली. दोन स्टेंट, पंपिंग तीस टक्के. म्हणजे अटॅकचं कारण हनुमान.

त्यानंच रिक्षात घालून नेलं. आठ दिवस उशाशी बसला. डिस्चार्ज झाल्यावर मला घरी सोडलं अन् चितेगावला त्याच्या कंपनीजवळ खोली करून गेला. जाताना वच्छलाला, म्हणजे आमच्या मंडळीला, सांगून गेला की बारा आठवडे व्यायाम पुरा करू दे, तवर कोणावर हात उचलला नाय तर मी घरी येतो.

बारा आठवडे म्हणजे काय लागून गेलं. मी नाइट शिफ्ट उभ्यानं काढलेला माणूस आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
पहिली टेस्ट. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना प्लास्टिकचे कोन, सहा मिनिटं येरझाऱ्या. झाले दोनशे साठ मीटर. मॅडम म्हणाल्या, बाराव्या आठवड्यात चारशे व्हायला पाहिजेत. म्हटलं, पुढच्या बुधवारी करून देतो. त्या म्हणाल्या, पुढच्या बुधवारी फक्त खुर्चीवरून उठायचं अन् बसायचं.

गिळलं. खाली पार्किंगमधी एका स्कूटीला लाथ घातली. कोणाची होती माहीत नाय. हात लावला नाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
बॅचमधी चौघं. त्यातला एक गयास निघाला. बावीस वर्षांपूर्वी टकरीत याच्या एडक्यानं माझ्या एडक्याचं शिंग मुळापासून मोडलं होतं. तवापासून आमचं बोलणं नाय. आता त्याचं कूलरचं दुकान आहे अन् बायपास झालीय. छाती उघडून शिवलेली. बघून बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग तो मला म्हणाला, हल्लू बिरूभाई, हल्लू. मग परत बरं वाटलं.

मॅडमचा नियम: चालताना बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसंल तर वेग जास्त झाला. मी पूर्ण वीस मिनिटं बोलत होतो. गयासच्या खानदानाबद्दल. मॅडमनी थांबवलं. नियम त्यांचाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आज रबराच्या पट्ट्या. खुर्चीच्या पायाला अडकवून हातानं ओढायच्या. पिवळी सगळ्यात मऊ, काळी सगळ्यात कडक. मला पिवळी दिली. माणसानं पिवळी ओढावी का. मॅडमची पाठ फिरली तशी काळी घेतली. सुटली अन् गयासच्या कानाला लागली. चुकून. दुसऱ्यांदा पण चुकूनच.

कान लालभडक झाला. मॅडमनी माझी नाडी मोजली, मग त्याची, मग डोळे मिटून स्वतःचीच मोजली.

चौदा दिवस झाले, हात उचललेला नाय. वच्छलाला म्हटलं, हनुमानला फोन करून कळव. ती म्हणाली, कळवते. कळवलं की नाय ते सांगितलं नाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ९
घरचा व्यायाम: मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत चालत जाणं-येणं. जाताना झकास. येताना एक रिक्षावाला मागून हॉर्न वाजवत ऱ्हायला. मी बाजूला झालो नाय, कारण मॅडमनी सांगितलंय की वेगात एकदम बदल करू नका. तो उतरला. म्हणाला, ओ काका, मरायचंय का. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले. डॉक्टरसमोर शपथेवर सांगंन, बांधले होते. मग डोकं मारलं.

त्याच्या नाकातून रक्त आलं. माझ्या कपाळावर टेंगूळ. वच्छलानं हळद लावली. मीच समजावून सांगितलं की अट हाताची आहे. ती म्हणाली, व्हय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आजच्या प्रकारात माझी चूक नाय. दोन सायकली शेजारी शेजारी, जागेवरच्या. मॅडम फोनवर होत्या. गयासनं माझ्या सायकलीच्या आकड्याकडं बघितलं. मी त्याच्या आकड्याकडं बघितलं. तो म्हणाला, आज भी शिंग टूटेगा क्या. मग कोण थांबणार.

चार मिनिटं झाली तरी कोणी मागं हटंना. माझी नाडी एकशे अडतीस. मॅडमनी एकशे पाचच्या वर जायचं नाय म्हणून कागदावर लाल पेननं लिहून दिलंय. गयासचे ओठ काळेनिळे. मॅडमनी दोघांना सायकलीवरून ओढून काढलं. बाई किडकिडीत आहे पण धरते घट्ट. दोघांना शेजारी शेजारी खाटेवर आडवं केलं, छातीला वायरी लावल्या अन् सांगितलं की परत असं केलंत तर नाव कापीन.

पडल्या पडल्या गयास छताकडं बघून बोलला. त्याचा ओवैस पुण्याला आहे. चार वर्षं झाली, ईदला पण येत नाय. मी विचारलं का. म्हणाला, मी त्याला लई मारलं बिरूभाई, लहानपणापासून, पट्ट्यानं.

मला त्याची कीव आली. पट्टा वापरायचा नसतो. मी मोजून मारतो, उघड्या हातानं. हनुमान येणारच.

८ डिसेंबर, सोमवार
जेवणात मीठ नाय. पाच आठवडे झाले मीठ नाय. सहन केलं. आज भोपळा केला होता, बिनमिठाचा. ताट भिंतीला मारलं. तिला मारलं नाय. हा फरक या घरात कोणाला कळत नाय.

पाच आठवडे पुरे. हात शाबूत. भिंतीवरचा भोपळा तिनंच पुसला. मी करतो म्हणालो होतो, पण मॅडमनी जेवणानंतर एक तास वाकू नका असं सांगितलंय.

२६ डिसेंबर, शुक्रवार
चांगली बातमी. दवाखान्याचे दोन जिने न थांबता चढलो. वर गेल्यावर मॅडमनी विचारलं, धाप किती, शून्य ते दहात सांगा. मी म्हटलं, दोन. खरं म्हणजे तीन. ऑगस्टमधी संडासपर्यंत जाताना वच्छलाचा खांदा धरावा लागत होता. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. गयासनं पाठीवर थाप मारली. मी पण मारली. मॅडम धावत आल्या, त्यांना वेगळंच वाटलं.

त्याच आनंदात हनुमानला फोन लावला. ठरवलं होतं की गोड बोलायचं, जिन्याचं सांगायचं. त्यानं आठव्या रिंगला उचलला. बापाचा फोन आठव्या रिंगला. त्याबद्दल बोलावं लागलं. जिन्याचं राहून गेलं.

१ जानेवारी, गुरुवार
संकल्प. एक: शिवी नाय. दोन: लाथ, डोकं, कोपर हे पण हातातच धरायचं. तीन: फोन केला की आधी जेवलास का विचारायचं.

दुपारी १.२०. वरच्या मजल्यावरच्या साहेबरावनं आमच्या नळाची मोटर बंद करून स्वतःची चालू केली. पहिला संकल्प मोडला. दुसरा अर्धा मोडला, कारण लाथ दाराला लागली. साहेबराव दाराच्या मागं होता ही त्याची अडचण.

तिसरा शाबूत आहे. फोन केलाच नाय.

९ जानेवारी, शुक्रवार
मधली टेस्ट. तीनशे बहात्तर मीटर. गयास तीनशे ऐंशी. आठ मीटर. त्याचे पाय लांब आहेत म्हणून.

मॅडम म्हणाल्या, तुमचा मुकाबला त्यांच्याशी नाय, तुमच्या मागच्या आकड्याशी आहे. शिकलेली बाई पण असं बोलते.

२२ जानेवारी, गुरुवार. सायंकाळी ५
उद्या शेवटची टेस्ट. हनुमान बघायला येणार आहे. आईला फोन करून सांगितलं त्यानं, हाफ डे टाकलाय. वच्छला सकाळपासून खुशीत आहे. धपाट्याचं पीठ भिजवलं. मी त्याच्या कॉटवर नवी चादर घातली, स्वतः. चारी कोपरे खोचले.

काय बोलायचं ते ठरवलंय. माफी बिफी नाय, बापानं माफी मागितली तर पोराला लाज वाटते. नुसतं, घरी चल. आरशासमोर दहा वेळा म्हणून बघितलं. आठव्यांदा आवाज चढला. बाकी नऊ वेळा गोड.

मला पोरगं घरी पाहिजे. एवढंच आहे. संध्याकाळी त्याच्या बुटांचा आवाज पाहिजे.

२३ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ३
झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढं कोणी काही बोललं तर माझ्याकडं लेखी असंल.

दुसऱ्या फिजिओ रजेवर. म्हणून मॅडमनी गयासला अन् मला एकाच कॉरिडॉरमधी सोडलं. तो त्या टोकाकडून, मी या टोकाकडून. मधी पांढरी पट्टी चिकटवलेली, ज्यानं त्यानं आपल्या बाजूनं चालायचं. बाकावर हनुमान अन् वच्छला. हनुमान बारीक झालाय. मला बघून हसला. थोडंसं, पण हसला.

पहिली फेरी, आम्ही समोरासमोर आलो, खांद्याला खांदा घासला. पट्टीवर तो होता. त्याचं म्हणणं मी होतो. दुसऱ्या फेरीत परत घासला. तिसऱ्या फेरीत दोघांनी मान खाली घातली. कोणी बाजूला व्हायचं हा प्रश्नच नव्हता, आम्ही दोघं टकरीतली माणसं आहोत. मॅडम ओरडत होत्या की चालायचंय, नुसतं चालायचंय. चौथ्या मिनिटाला मी बारा आठवड्यांचा सगळा जोर खांद्यात आणला.

गयास पडला. मनगट खाली आलं. आवाज झाला.

हनुमान पळत आला. मला वाटलं माझ्याकडं येतोय. मी तोंड उघडलं, घरी चल म्हणायला. तो माझ्या बाजूनं गेला अन् गयासच्या डोक्याखाली हात घातला. वच्छला पाण्याची बाटली घेऊन तिकडंच. मॅडम तिकडंच. घड्याळ चालू होतं. मी चालत ऱ्हायलो. दोन मिनिटं राहिली होती, थांबून कोणाचा फायदा होता.

दर फेरीला त्यांना वळसा घालावा लागला. तरी चारशे बारा मीटर. मीच मोजले. मॅडमनी नंतर कोनापासून अंतर मोजून बरोबर म्हटलं.

हनुमाननं गयासला व्हीलचेअरवर घालून एक्स-रेला नेलं. जाताना माझ्याकडं एकदा बघितलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले, की बघ, हात नाय लावला. त्यानं मान फिरवली.

२४ जानेवारी, शनिवार
डॉक्टरांनी परत तपासलं. पंपिंग अडतीस टक्के. शाळेत पस्तीसला पास असतं. डॉक्टर म्हणाले, एवढी सुधारणा आम्ही धरली नव्हती. अक्षदा मॅडम माझ्याशी बोलल्या नाय, पण पत्र लिहून दिलं: रुग्ण घरातली सर्व कामं स्वतः करू शकतो, जिने चढू शकतो, एकटा ऱ्हायला हरकत नाय.

वच्छलानं ते पत्र मॅडमकडून दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं तिला अभिमान वाटतोय.

४ वाजता हनुमान आला. माझा आनंद पोटात मावंना. चादर दाखवावी म्हणून उठलो. तो बसला नाय. वच्छला आतून पिशवी अन् पेटी घेऊन आली. म्हणाली, साडेपाच महिने जीव मुठीत धरून बसले, आजारी माणसाला टाकून कसं जावं म्हणून. आता कागदच मिळालाय. तिचा आवाज चढलेला नव्हता. पोराकडं ऱ्हाते म्हणाली, किती दिवस ते सांगितलं नाय. वाराप्रमाणं माझ्या गोळ्या डब्यात भरून ठेवल्यात, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या, एवढं दाखवलं.

मी हनुमानला म्हटलं, घरी चल. तो म्हणाला, आईला घ्यायला आलोय.

मी दारात आडवा उभा ऱ्हायलो. हनुमान समोर. हात खिशात घातले. मग बाजूला झालो. पेटी जड होती, मी उचलू का विचारलं, पाच किलोपर्यंत परवानगी आहे. तो म्हणाला, नको.

२५ जानेवारी, रविवार
चाललो: पंचेचाळीस मिनिटं. धाप: एक.

गयासचा फोन आला. मनगट प्लास्टरमधी. बाप पडला हे ऐकून ओवैस पुण्याहून रात्रीच निघाला, सकाळी घरी पोचला, आता चार दिवस ऱ्हाणार आहे. गयास लई खूश होता. मधेच पोराला हाक मारून काहीतरी मागवत होता. मला धन्यवाद म्हणाला नाय. जेवलास का, एवढं विचारलं.

भात केला. खाली लागला. मीठ पाहिजे तेवढं टाकता आलं असतं, डबा सापडला नाय. ताट भिंतीकडं नेलं, परत ओट्यावर ठेवलं. पुसायला मीच होतो.

राग: आला नाय. घरात कोणी नव्हतं.