होम थिएटरात अडकलेले तात्या

५ जानेवारी २०१४, रविवार. सकाळी ७

नवीन वर्षाचा संकल्प पाच दिवस उशिरा टाइप करतोय, पण विचारपूर्वक. २४ तारखेला तात्यांचं, म्हणजे वडिलांचं वर्षश्राद्ध. सगळे पाहुणे परळीत आमच्याकडे जमणार. जेवणं झाली की मी सगळ्यांना बहिणीच्या, मंजुषाच्या लग्नाची डीव्हीडी माझ्या होम थिएटरवर दाखवणार. तात्यांना कॅमेऱ्याचा राग. जन्मात फोटो काढून घेतले ते रेशनकार्डापुरते. चालते-बोलते तात्या फक्त या डीव्हीडीत आहेत, जेमतेम चार मिनिटं. मायला वर्षभर सांगतोय, थांब, मोठ्या पडद्यावर दाखवतो.

होम थिएटर मी स्वतः जोडलंय. कॉम्प्युटर, त्याला बेचाळीस इंची टीव्ही, सहा स्पीकर. कॉलेजच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं बटण मीच दाबलं होतं. बाकीचे क्लार्क लांब उभे होते. ही रोजनिशीसुद्धा कॉम्प्युटरवरच ठेवतो. वह्यांचे दिवस गेले.

६ जानेवारी. संध्याकाळी ६

ट्रायल घेतली. किरकोळ अडचण. चित्र झटके देतंय. आवाज पुढे जातो, चित्र मागून धावत येतं. भटजींचं 'सावधान' ऐकू आल्यावर बऱ्याच वेळाने त्यांचं तोंड उघडलं. शेजारच्या साखराबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, आमच्या प्लेअरवर लावा की. त्यांचा प्लेअर म्हणजे आठवडी बाजारातलं डबडं, वर विणलेलं झाकण. त्यावर त्या कीर्तनं बघतात. मी हसून विषय टाळला.

दोन दिवसांचं काम.

८ जानेवारी

कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे. इंटरनेटवरून चार उतरवले. फरक पडला. आता झटक्यांबरोबर हिरवे पट्टे येतात.

बायको, विमल, म्हणाली, "आत राख भरली असंल. समद्या घरात थर्मलच्या चिमण्यांची राख येती, ह्यात कावून येणार न्हाई?" बावीस वर्षं संसार करून बाई कॉम्प्युटरला फडताळ समजते. सॉफ्टवेअर आणि राख यांचा संबंध नसतो हे तिला शांतपणे समजावलं. पाऊण तास. मधेच ती भाकरी टाकायला गेली.

११ जानेवारी, शनिवार

हे वहीत लिहितोय. फॉरमॅट मारला. त्याआधी सगळ्या फाइली दुसरीकडे ठेवायच्या असतात हे मला माहीत आहे, मीच ऑफिसात सगळ्यांना सांगतो. अडीच वर्षांची रोजनिशी गेली. शेवटची चार-पाच पानं आठवून पुन्हा उतरवली, बाकी काही आठवेना. त्यात दोन वर्षांचे संकल्प होते. त्यातले किती पाळले, हे आता कुणीच सांगू शकत नाही. तेवढं एक बरं झालं.

कॉम्प्युटर एकदम कोरा, ताजातवाना. डीव्हीडी लावली. झटके तेच. ज्याला इतकं जपलं, त्यानं असं उलटावं.

१२ जानेवारी, रविवार

माय न बोलावता येऊन बसली. चष्मा पुसून. नाही म्हणता येईना.

मांडवात तात्या आले. एक पाय उचलला आणि तिथेच थांबले. मग एकदम चार पावलं पुढे. पुन्हा उभे, तोंड अर्धवट उघडं. माय बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आसं न्हवते चालत ते." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

मी म्हणालो, माय, फक्त दोन दिवस. ती म्हणाली, "बरं."

मायनं 'बरं' म्हटलेलं मला सोसत नाही. मॅट्रिकला नापास झालो तेव्हाही एवढंच म्हणाली होती.

उद्या नवीन ग्राफिक कार्ड आणतो.

१४ जानेवारी, संक्रांत

कार्ड बसवलं. दुकानदार म्हणाला होता, याच्यावर हत्ती पळंल. तात्या पळेनात. चित्र मात्र लई स्वच्छ झालंय. अडकलेलं, पण स्वच्छ.

म्हणजे दोष डिस्कचाच. इंटरनेटवर लिहिलंय, ओरखडे टूथपेस्टनं जातात. ब्रश घेऊन बसलो तर विमलनं हातातून डिस्क हिसकावली. "ही एकच हाय! तात्या काय पुन्ना येणार हायेत का लग्नाला?" डिस्क तिच्या कपाटात, कुलपात. चावी कमरेला. माझ्या घरात माझ्यावर अविश्वास. तिळगूळ देताना मी मुद्दाम गोड बोललो नाही. ती तर बोललीच नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

सिदूला बोलावलं. स्टेशनकडे त्याचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. मदत नको होती, माझं निदान पक्कं करून घ्यायचं होतं. त्यानं कॅबिनेट उघडलं, आत बोट फिरवलं आणि ते करडं बोट माझ्यापुढे धरलं.

"शहादेवभाऊ, फॅन राखंनं जाम हाय. मशीन तापतंय, म्हणून सुस्त पडतंय. माझ्याकडं ठेवा, ब्रशनं साफ करून उद्या देतो."

मी विमलकडे बघितलं नाही. ती चहा घेऊन उभी होती. सिदूच्या बशीत दोन बिस्किटं जास्त होती. या दोघांचं आधीच बोलणं झालेलं असणार. सिदूला म्हणालो, साफसफाईच ना, ती मी करीन. तो म्हणाला, "बघा बरं भाऊ, नाजूक असतंय."

मला सांगतो.

१७ जानेवारी

ब्रशनं एकेक पातं पुसत बसणं माझ्या स्वभावात नाही. कॅबिनेट स्कूटरवर पायाशी ठेवून पंक्चरच्या दुकानात नेलं. हवेचा पाइप लावला. राखेचा असा ढग उठला की एक गिऱ्हाईक म्हणालं, थर्मलचं नवं युनिट चालू झालं का काय. फॅन विमानासारखा गरगरला. मग आतून टक् असा आवाज आला.

कॅबिनेट आतून लखलखीत. हे असं डोकं चालवायला लागतं.

१८ जानेवारी

कॉम्प्युटर सुरू होतो, घटकाभर चालतो आणि बंद पडतो. फॅनची दोन पाती तळाशी सापडली. सिदू म्हणतो, हा फॅन इथं मिळत नाही, औरंगाबादहून मागवावा लागेल, आठ-दहा दिवस जातील. त्यानं हे बोलताना एकदाही हसू नये याचंच मला वाईट वाटलं.

संकल्प: २४ पर्यंत घाबरायचं नाही. घरात सध्या सांगायचं नाही.

२० जानेवारी, सोमवार. दुपारी साडेतीन



कॉलेजातून लवकर सुटलो. घराला कुलूप. किल्ली चाचपत उभा होतो तर सनई ऐकू आली. ओळखीची. मंजुषाच्या लग्नातली. साखराबाईंच्या खिडकीतून बघितलं. खाटेवर माय. खाली विमल. तिच्या शेजारी मंजुषा, जी मला फोनवर म्हणाली होती की बुधवारी येते. ते डबडं चालू होतं आणि तात्या मांडवातून चालत होते. सरळ. एका पावलापाठी दुसरं पाऊल.

माय हसत होती. वर्षात पहिल्यांदा बघितलं मी.

मागच्या मागे फिरलो. स्टँडवर जाऊन दोन चहा घेतले. दोन्ही कडू लागले.

संध्याकाळी ७

विमलला विचारलं, किती दिवस चाललंय हे? म्हणाली, संक्रांतीपासून, रोज दुपारी. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणे, "तुमाला सांगितलं असतं तर तुमी पुन्ना पयल्यापासून समजावून सांगितलं असतं."

बायको, बहीण, आई. वर शेजारीण. चौघी मिळून माझ्या पाठीमागे माझ्या वडिलांना भेटतात.

२२ जानेवारी

दोन दिवस अबोला धरलाय. कुणाच्या लक्षात आलेला नाही. श्राद्धाच्या तयारीत सगळे.

मंजुषाचे यजमान सोमेश्वर दाजी आले. म्हणाले, काय मग, थिएटर कवा सुरू? मी म्हणालो, एका सुट्या भागाची वाट बघतोय. ते म्हणाले, "तो भाग म्हंजी साखराबाई का?" आणि स्वतःच इतके हसले की ठसका लागला. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ३

श्राद्ध झालं. पंगती उठल्या. थिएटरबद्दल कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तयार ठेवलं होतं: व्होल्टेजचा दोष. कुणी विचारलंच नाही. हात धुऊन एकेक जण शेजारी सरकला. दाजींनी तर आमच्याच खुर्च्या उचलून नेल्या. घरात मी आणि सहा स्पीकर.

मग माय आली. भिंत धरत धरत.

"चल."

"तुमी बघा. मला काम हाय."

"कसलं?"

आठवेना.

"माय, तू तरी मला सांगायचं होतंस."

"सांगणार व्हते बाबा. पर तू लई मन लावून बिघडवत व्हतास. म्हणलं, मोडता कशाला घालावा." मग खाली बसली. "वरीसभर थांब म्हणलास, थांबले. आता डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. आणखी किती थांबू, तू सांग."

मायला हात देऊन उठवलं. व्होल्टेजचं पोटातच ठेवलं.

संध्याकाळी ६

गेलो. दाराशी चपलांजवळ जागा मिळाली. टीव्ही लहान, रंग पिवळट, आवाज एकाच बाजूनं. हे दाजींच्या कानात सांगत होतो, तेवढ्यात तात्या आले. हातात फेटा, कुणावर तरी ओरडत, ओरडता ओरडता हसत. डावा खांदा किंचित वर. हे मी विसरलो होतो. आडवे चालत मांडवाबाहेर गेले. चष्मा ओला झाला म्हणून पुसायला काढला, घालेपर्यंत तात्या नव्हते.

माय म्हणाली, "साखरा, मागं घे गं जरा. शादेवचं बघायचं राहिलं."

त्यांनी मागे घेतलं. सगळे पाहुणे पुन्हा बघत बसले. कुणी कुरकुर केली नाही. तात्या पुन्हा आले, मी शेवटपर्यंत बघितले.

मग म्हणालो, चित्र जरा पिवळं दिसतंय, रिमोट द्या इकडं, दोन मिनिटांत नीट करतो.

विमलनं साखराबाईंकडे नुसतं बघितलं. साखराबाईंनी रिमोट पदराखाली घेतला.