नेणाऱ्याची सही

मी खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा बॅगा आणि सुटकेस दुरुस्तीचा, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी आणि स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी संतापलेली आहे हे त्यांनी दाखल्यात लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. संताप म्हणजे वेड नव्हे. याच डॉक्टरांनी मला फार तर सहा महिने दिले आहेत, आणि माझ्या भाचीला अठरा पूर्ण व्हायला सात वर्षे आहेत. हे गणित जमत नाही, म्हणून हा कागद.

१. दुकानाचा गाळा, मागची खोली आणि वरचा माळा ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता असून ती माझ्या पश्चात संपूर्णपणे माझ्या भाचीची. ती सतत गुणगुणते म्हणून आम्ही तिला भुंगी म्हणतो. कागदात टोपणनाव नको, असे वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटले, "मृत्युपत्र माझं की तुमचं?" मग त्यांनी खरे नाव पुरवणीत घातले.

२. शिलाई मशीन, चामडे कापायची रापी, टोचे आणि चेनच्या रनरचे सगळे डबे मशीनवालीला. ती बारा वर्षे माझ्या दुकानात शिवणाला बसते आणि भुंगी तिला काकू म्हणते. मोठी पक्कड हिनेच हरवली आणि अजून कबूल करत नाही. सापडली तर तीही तिलाच.

३. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, चामडे चिकटवायच्या सोल्यूशनचा अर्धा डबा. झाकण उघडून द्यावा. आमची धाकटी बहीण, म्हणजे भुंगीची आई, गेली त्या दिवशी हाच चार माणसांत म्हणाला होता, "माय मरो आणि मावशी जगो म्हणतात ते काही खोटं नाही. आता तूच तिची आई." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे भुंगीच्या पालकत्वासाठी मी कोर्टात गेले तेव्हा त्यानेच प्रतिज्ञापत्र दिले की बाई एकटी आहे, तोंडाने फटकळ आहे, खोलीत सोल्यूशनचा वास मारतो, आणि बापाचा हक्क तो बापाचा हक्क. फटकळ मी आहेच. पण ते सांगायला त्याला प्रतिज्ञापत्र लागले, मी तोंडावर सांगते. दादा, तू पाठीत सुरा खुपसलास.

४. आता मुलीविषयी. "भुंगी मशीनवालीला द्यावी" असे मी लिहिले होते. वकीलबाईंनी त्यावर काट मारली. म्हणाल्या, "मूल मृत्युपत्रानं देता येत नाही. तुमचं पालकत्व कोर्टानं दिलंय, ते तुमच्याबरोबर संपतं. तुम्ही इच्छा लिहा. ठरवणार कोर्ट." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षे झिजवलेल्या चपला काय हवेत गेल्या? पण कायदा असाच असेल, तर जे कोणी न्यायाधीश पुढे हे वाचतील त्यांनी सगळे वाचावे. अर्धे वाचून तारीख देऊ नये.

धाकटीचा नवरा भुंगी दोन वर्षांची असताना घर सोडून गेला. वर्षभराने धाकटी ऑपरेशनसाठी दवाखान्यात निघाली, ती भुंगीला घेऊन दुकानात आली. काउंटरवर पावतीपुस्तक पडले होते. तिला कुठेही थट्टा सुचायची. तिने पावती फाडली आणि लिहिले: "वस्तू: मुलगी, नग एक. बिघाड: हट्टी. ताईकडे ठेवली आहे." खाली सही केली. अर्धी पावती तिने पर्समध्ये घातली, अर्धी माझ्याकडे राहिली. पावतीच्या तळाला छापलेले आहे, "तीन महिन्यांत माल न नेल्यास दुकान जबाबदार नाही." धाकटी दवाखान्यातून परत आली नाही. पर्स आली, तीत तिची अर्धी पावती होती.

भुंगी सहा वर्षांची असताना तिचे अपेंडिक्स फुटायच्या बेताला आले. दवाखान्यातला कारकून म्हणाला, "पालकाची सही?"

"मी मावशी."

"मावशी चालत नाही. आई किंवा वडील."

"आई वारली. बाप परागंदा आहे."

"मग कोर्टाचा कागद आणा."

पोर बाकावर पोटाशी पाय घेऊन कण्हत होती आणि हा मला रकाना दाखवत होता. जगाच्या तोंडी मावशीची म्हण आहे, पण फॉर्मवर मावशीला रकाना नाही. शेवटी सर्जनने स्वतःच्या जबाबदारीवर ऑपरेशन केले. त्यांचे भले होवो. पुढच्याच आठवड्यात मी पालकत्वासाठी अर्ज केला.

अर्जाची नोटीस बापाला गेली आणि झोपलेले भूत मीच उठवले. बॅग न्यायला यावे तसा तो काउंटरवर येऊन उभा राहिला. "घरी जुळी झालीत. ही आता मोठी आहे, त्यांच्याकडे बघेल. न्यायला आलोय." मुलीकडे एकदा पाहिलेसुद्धा नाही. मी हातातली रापी खाली ठेवली, हे माझे त्याच्यावरचे उपकार.

दुसरी चूकही माझीच. धाकटीने मूल माझ्या हवाली केले याचा पुरावा म्हणून मी ती पावती कोर्टात दिली. त्याच्या वकिलाने तीच उचलली. "यात 'ठेवली' लिहिलंय, 'दिली' नाही. ठेवलेली वस्तू मालक परत नेतो." मी ताडकन उठले. "पावती ज्याच्याकडे, माल त्याला! आणि मुदत तीन महिन्यांची असते, हा साडेतीन वर्षांनी उगवलाय!" लोक हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, आवाज खाली. आणि मुलीला माल म्हणू नका. दोघांनीही."

भुंगी मागच्या बाकावर बसून ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरी येताना तिने विचारले, "मावशी, पावतीवर माझा बिघाड काय लिहिलाय?"

"हट्टी."

"मग तू दुरुस्त केलास?"

"नाही."

"बरं झालं," म्हणाली आणि गुणगुणायला लागली.

दोन वर्षे आणि सतरा तारखांनंतर हुकूम माझ्या बाजूने झाला.

म्हणून माझी इच्छा अशी, की माझ्या पश्चात पालक म्हणून मशीनवालीची नेमणूक व्हावी. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "विचारायचं काय त्यात? आणि मरायची एवढी घाई कसली?" मग बराच वेळ सुईत दोरा नसलेले मशीन चालवत बसली. मी भुंगीलाही विचारले, कारण आजवर ते कोणालाच सुचले नव्हते. ती म्हणाली, "काकू ओरडते."

"आणि मी?"

"तू जास्त ओरडतेस. चालेल मला काकू."

न्यायाधीशांनी तिला स्वतः विचारावे आणि ती सांगेल ते कान देऊन ऐकावे.

५. मुलीच्या बापाला काहीही नाही. विसरले असे कोणी समजू नये.

६. पावतीचे दोन्ही अर्धे मी चिकटवून ठेवले आहेत, सोल्यूशननेच. ती पावती भुंगीची. तिच्यावर शेवटचा रकाना "नेणाऱ्याची सही" असा आहे आणि तो आठ वर्षे कोरा आहे. तिथे बापाने सही करायची नाही, दादाने नाही, मशीनवालीने नाही. मीही केलेली नाही. अठरा पूर्ण होतील त्या दिवशी भुंगीने काउंटरवर बसावे, त्या रकान्यात स्वतःची सही करावी आणि स्वतःला घेऊन जावे. कुठे, ते तिचे ती ठरवेल.

ठिकाण: दुकानाचा काउंटर. दिवस: सोमवार, दुकान बंद.

साक्षीदार पहिला: समोरचा किल्लीवाला. वाचून सही केली, दोनदा नाक शिंकरले.

साक्षीदार दुसरा: दाखला देणारे डॉक्टर.

मशीनवालीला या कागदाने लाभ होतो म्हणून तिची साक्ष चालत नाही. ती यावरूनही भांडली.

लिहून ठेवणार: मावशी, कोर्टाच्या हुकमाने पालक. ही सही चालते.