नखाएवढं कार्ड

मंगळवार, १४ तारीख, दुपार

चि. खटपटीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात, डावा डोळा अजून धुरकटच आहे, म्हणून अक्षर एवढं मोठं काढलंय. तुझा बाप बरा आहे, म्हणजे सगळ्यांवर ओरडतो आहे. तू वेळेवर जेवतेस ना?

आधी आनंदाची बातमी. तू बनवलेला वाचणारा डबा पुन्हा बोलायला लागला! काल सकाळी त्याच्यापुढे औषधाची बाटली धरली, लाल बटण दाबलं, आणि त्याने "जेवणानंतर दोन चमचे" असं खणखणीत वाचलं. मी म्हटलं, "अरे लबाडा, तीन आठवडे कुठे दडी मारून बसला होतास?" आणि त्यात नवं मेमरी कार्ड कोणी बसवलं, सांग बघू? मी! चौथी पास, बरं, चौथीत नुसत्या बसलेल्या तुझ्या आजीने. भुवया कोरायच्या चिमट्याने. तुझ्या आईचा आहे, तिला सांगू नकोस.

आता रागाचं ऐक, कारण माझं डोकं अजून तापलेलंच आहे. डबा बंद पडल्यावर मी तो पिशवीत घालून त्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो असा दोन बोटांत धरला, जसा कोणी मेलेला उंदीर धरतो. उघडूनसुद्धा बघितला नाही. "आजी, ही हौशी पोरांची खेळणी. भंगारात द्या." मी म्हटलं, "बाळा, हे खेळणं मला चार महिने पत्रं वाचून दाखवत होतं. तुझं दुकान कोणाला काय वाचून दाखवतं?" चपला घालून निघाले ती थेट पासपोर्टचे फोटो काढते ना, त्या बाईकडे. शहाणी बाई आहे. तिने डब्याच्या पोटातून ते नखाएवढं कार्ड काढलं, तिच्या मशीनमध्ये घालून बघितलं आणि म्हणाली, "आजी, डबा ठणठणीत आहे. फक्त कार्ड गेलंय. आमच्या कॅमेऱ्यांचीही जातात. एकदा अख्खं लग्न गेलं माझं, म्हणजे गिऱ्हाइकाचं." मग मला आठवलं, तू जाताना पाकिटात जादा कार्ड दिलं होतंस. घरी येऊन शोधलं, शिवणाच्या बटणांच्या डब्यात सापडलं, बसवलं.

आणि तू गं? तुला नव्हतं का ते आठवत? बापाने फोनवर म्हटलं, "तुझा डबा स्वतःच्या घरात चार महिने टिकला नाही, आणि तू असले डबे करून लोकांना देणार?" तेव्हा तू भांडायचं सोडून म्हणालीस, "बरोबर आहे बाबा. डब्यांचं सोडते, त्या ऑफिसवाल्यांच्या नोकरीला महिनाअखेरीला हो कळवते." जादा कार्डाचं नावसुद्धा काढलं नाहीस. मी समोरच बसून मटार सोलत होते. मला इतका संताप आला! एका नखाएवढ्या कार्डाने माझ्या नातीचं ठरवायचं? कोण लागून गेलंय ते?

तर असं. शेजारणीची मांजर व्याली, चार पिल्लं. एक अगदी तुझ्या बापासारखं, डोळे उघडायच्या आधीच गुरगुरतं.

फोटोवाल्या बाईने मला एक विचारलं होतं, ते वर लिहायचं राहिलं. राहिलं नाही, मी ठेवलं. ती म्हणाली, "आजी, डबा चालू असताना थेट प्लग ओढत होता का? आत लिहिणं चालू असताना वीज तुटली की ही कार्डं मरतात." मी म्हटलं, "छे छे."

ओढत होते. रोज संध्याकाळी.

तुला माहीत आहे आमचं इस्त्रीचं दुकान होतं. तुझे आजोबा एकदा चहाला घरी आले आणि इस्त्री चालूच राहिली. गिऱ्हाइकाचा कोट आणि अर्धं टेबल जळून गेलं. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक प्लग मी उपटते. नुसतं बटण बंद करून माझा जीव शांत होत नाही, प्लग हातात यावा लागतो. तू डब्यावर चिठ्ठी चिकटवली होतीस, चांगल्या ठसठशीत अक्षरात: "आधी पांढरं बटण. हिरवा दिवा विझेपर्यंत थांब. मग प्लग." डबा सगळ्यांचं वाचतो, स्वतःच्या कपाळावरचं त्याला वाचता येत नाही. पण मला येत होतं. मी म्हणायची, एवढ्याशा दिव्यासाठी कोण उभं राहील?

आणि डबा बंद पडला त्या दिवशी, तुझा बाप घरी यायच्या आत, मी ती चिठ्ठी खरवडून काढली. बटणांच्या डब्यात, तुझ्या पाकिटाखाली दडवली. मग फोनवर तुझा कमीपणा ऐकत मटार सोलत बसले. सगळ्यांवर चिडले गं मी तीन आठवडे. दुरुस्तीवाल्यावर, बापावर, तुझ्यावरसुद्धा. जिच्यावर चिडायचं ती आरशात होती.

इथपर्यंत लिहून झाल्यावर हे डब्यापुढे धरलं, म्हटलं तुझ्या बापाला यानेच ऐकवावं. पण माझं अक्षर त्याला लागेना. नुसतं "औषध, औषध" म्हणायला लागला. मग मीच वाचलं, सगळं, मटारासकट. तुझा बाप म्हणाला, "आई, त्या दिवशी का नाही बोललीस?" मी म्हटलं, "लाज वाटली." तो उठला, धुतलेलाच पेला पुन्हा धुतला, आणि डब्यासमोर जाऊन उभा राहिला. पांढरं बटण दाबलं. हिरवा दिवा विझेपर्यंत उभा होता. मी मोजलं नाही, पण बराच वेळ होता.

त्या ऑफिसला हो म्हणायचं असेल तर म्हण, तुझं तू बघ. पण माझ्या प्लगपायी म्हणू नकोस.

सोबत मेलेलं कार्ड आणि तुझी चिठ्ठी पाठवते. खाली चार बोटं जागा सोडली आहे आणि पेन तुझ्या बापाजवळ ठेवलाय. त्याने काही लिहिलं असेल तर वाच. जागा कोरीच असली, तर समज, अजून उभा आहे.

तुझी,
आता दिवा विझेपर्यंत थांबणारी,
आजी