बाजातलं पाणी

आबा, आज सकाळी दारावरून वरात गेली. बँडातल्या एका कॉर्नेटवाल्यानं पितळी बाजाची चावी दाबली आणि फुंकून आत साचलेलं पाणी नवरदेवाच्या घोड्यापुढेच, भर रस्त्यात सांडलं. मी ओट्यावरून ओरडले, "अरे, बाजूला हो की मेल्या!" सून धावत आली, तिला वाटलं सासूबाईंचं डोकं फिरलं. नवरदेवाच्या वाटेवर बाजाचं पाणी पडू देऊ नये, संसार रडका होतो, असं तुमच्या बँडातली माणसं मानायची. तुम्ही रांग सोडून गटाराकडे वळायचात, पाणी काढायचात आणि चार ढांगांत पुन्हा पुढे. आता कोण पाळतं हे?

छत्तीस-सदतीस सालची गोष्ट असेल. आई गेलेली, पंचवटीतल्या त्या खोलीत आपण दोघंच. कॉर्नेट घासायचं काम माझ्याकडे. चिंचेचा कोळ, विटकरीचा चुरा, मग आतून-बाहेरून दोन पाण्यांनी धुणं. एका संध्याकाळी तुम्ही वाजवून आलात, मोरीत चावी दाबलीत आणि पाणी तांबूस पडलं. मी बघतेय असं दिसल्यावर तुम्ही खेकसलात, "डोळे फुटले काय तुझे? चुरा आत राह्यलाय! एवढं बी धुता येत नाय?" कधी आवाज न चढवणारे तुम्ही! मी रडत रडत तो बाजा चार पाण्यांनी धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाणी, पुन्हा तेच बोलणं. तिसऱ्या दिवशी मी चुरा घेतलाच नाही, नुसत्या चिंचेनं घासलं. संध्याकाळी तुम्ही चावी दाबलीत. पाणी लालच होतं. खोकताना तोंडाशी धरायचं फडकं तुम्ही स्वतः का धुता, तेही तेव्हाच कळलं.

निफाडचं स्थळ जमत आलं होतं. क्षयाचं नुसतं नाव निघालं तरी लोक त्या घरचं पाणी पीत नसत, तिथली मुलगी कोण करतो? होणाऱ्या सासूबाई सुपारी फोडायला आल्या, आणि तुम्ही नुकतेच वाजवून आलेले. मोरीवर हात धुताना त्या थबकल्या. "अगं बाई, हे लाल काय?" तुम्ही फडकं मुठीत लपवलंत. मीच हसले. म्हटलं, "विटकरीचा चुरा हो. मला मेलीला बाजा धुताच येत नाही, आबा रोज ओरडतात." त्या म्हणाल्या, "शिकशील हो आमच्याकडे." सुपारी फुटली. तुम्ही खाली मान घालून बसलात आणि हळूच सुस्कारा सोडलात. पोरीला आपलं बोलणं खरं वाटलं, असंच तुम्हाला वाटलं असणार.

त्यानंतर मी रोज चुऱ्याची वाटी मोरीच्या काठावर ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. चुरा मात्र बाजाला लावत नव्हते.

लग्नात कन्यादान काका-काकूंनी केलं, विधुराला तो मान नव्हता. तुम्ही म्हणालात, "मंग बाजा तरी माझ्याच हाती ऱ्हाऊ द्या." लोक हसले, मुलीचा बाप कुठं वाजवतो का! नवरदेवाच्या जानोशापासून मांडवापर्यंत तुम्ही फुंकत आलात. मी काकूच्या आडून बघत होते. वाट अरुंद, दोन्हीकडे माणसं दाटलेली, बाजूला व्हायला जागाच नव्हती. तुम्ही खांद्यावरचं नवं पांढरं उपरणं बाजाखाली धरलंत आणि पाणी त्यात काढलंत. जावयाच्या वाटेवर थेंब पडू दिला नाहीत. मग उपरण्याची लाल बाजू आत दुमडलीत. मी बोहल्यावर गेले.

आषाढात तुम्ही गेलात. फुंकणं थांबवलं असतं तर काही वर्षं निघाली असती, असं काकांना डॉक्टर म्हणाला. मी तेव्हा खूप रडले, आणि काकू सगळ्यांना सांगत होती, पोरीला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. मी तिला तसं सांगू दिलं. नवऱ्यालाही जन्मभर कधी बोलले नाही, आता तेही नाहीत.

हे कागद कुठं धाडू? चुलीत जातील. पण लिहून तरी टाकते. "आबा, आता वाजवू नका" हे चार शब्द रोज माझ्या ओठांवर यायचे आणि रोज मी ते गिळायचे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नव्हे. बाजा थांबला असता तर निफाडच्यांनी कारण विचारलं असतं. मला मुलगा आवडला होता.