जांभळ्या गाद्या

रविवार, ता. ९

प्रिय ताईस,

मी बरा आहे. तू आणि आई बऱ्या असाल. आजवर माझी खुशाली तुला दाजींच्या तोंडून कळायची, आज मीच लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस, थापी धरून बोटं वाकडी झालीत.

आईचा खोकला थांबला का? इकडे गारठा फार. फरशी बसवायला खाली बसलं की गुडघ्यात कळ जाते. तू दाजींना आणि मला शिवून दिलेल्या गाद्या गुडघ्यांना बांधतो म्हणून निभतं. तुझ्या जांभळ्या परकराच्या आहेत म्हणून सगळे चिडवतात, "काय रे, परकर नेसून आलास?" चिडवू देत.

मधे एक झालं. एजन्सीने मला एका बाईंच्या घरी लावलं होतं. मी फरश्या आधी कोरड्याच मांडून बघतो, कापलेला तुकडा दाराआड जाईल असं जुळवतो, मगच सिमेंट लावतो. बाईंना ते आवडलं. न्हाणीघराची मांडणी झाली तेव्हा म्हणाल्या, "पुढचं सगळं थेट माझ्याकडूनच घे. एजन्सी मधे कशाला?"

मन चळलं गं. पण आधी एका मोठ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "वेडा आहेस का? एजन्सीत तुझ्यासाठी शब्द मी टाकलाय. माझी मान खाली घालशील." मी बाईंना नाही म्हणालो.

तरी एजन्सीच्या साहेबांनी मला काढलं. म्हणे, आमचं गिऱ्हाईक फोडतोस, कळलंय आम्हाला. मी एकालाच बोललो होतो.

माझा ओळंबा बाईंकडे राहिला होता, तो आणायला गेलो. न्हाणीघरात माझीच मांडणी, जशीच्या तशी, पक्की बसवलेली. पायरीवर एक जांभळी गादी वाळत होती. माझ्या दोन्ही माझ्या पिशवीत होत्या.

बाई म्हणाल्या, "तूच पाठवलंस ना त्यांना? म्हणाले, पोराला जमणार नाही, मीच थेट करतो."

आत कटर चालू होता. मी हाक मारली नाही.

दोघांची खोली सोडलीय. दुसऱ्या एका घराचं काम थेट घेतलंय, माझ्या जिवावर. तू घरात भांडण काढू नकोस, संसार तुझा आहे. फक्त उत्तर या पत्त्यावर मलाच पाठव, कुणाच्या हाती नको.

आणि पुन्हा गाद्या शिवल्यास तर माझ्या वेगळ्या कापडाच्या शिव.

तुझा, अजून तुझाच,
धाकटा