सालीवरची भुकटी

१४ मे

सापडली! खोडाच्या बुंध्याशी, सालीच्या खवल्यांत — तपकिरीसारखी भुकटी. म्हणजे साल पोखरणारा किडा आत शिरलाय. राखीव जंगलाच्या कडेच्या पट्ट्यात, खालच्या बाजूला, बाबांच्या रानापासून जेमतेम दोनशे पावलांवर. चार स्प्रूस झाडांना तोडणीचा लाल पट्टा मारला. एका झाडाला तर दोनदा मारला. अकरा वर्षं हेच काम करतेय, तरी!

आतल्या जंगलात आम्ही किड्याला हात लावत नाही, तिथं त्याचंच राज्य. पण कडेच्या पट्ट्यात लागलेलं झाड सहा आठवड्यांच्या आत तोडून बाहेर काढायचं. नाहीतर पिल्लं उडतात आणि गावच्या रानांत शिरतात.

१७ मे

बाबांचं रान तपासलं, एकेक बुंधा. काही नाही. वहीत ‘साफ’ लिहून सही केली. त्यांना आता दिसत नाही, म्हणून दर आठवड्याला हे माझ्याकडं.

बाबा पायरीवर तपकीर ओढत बसलेले. “काय गं बुर्गी, सरकारी किडे आले का माझ्याकडं?”

“नाही बाबा.”

“येतील. आणि ऐकून ठेव — माझ्या झाडाला ज्या दिवशी तुझा हात लागेल, त्या दिवसापासून या घरात तुझं ताट नाही.”

तोंडावर हसू होतं, आवाजात नव्हतं. लूझेनच्या डोंगरावरचं जंगल किड्यानं वाळलं आणि सरकारनं नुसतं बघितलं, तेव्हापासून राखीव जंगलाचं नाव त्यांना चालत नाही, आणि पोरीनं नोकरी धरली ती तिथंच. आई होती तोवर तिनं सांभाळून घेतलं. तिनं लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड रानाच्या वरच्या टोकाला आहे. माझा जीव तिथं टांगलेला.

२३ मे

आणखी नऊ. सगळी आमच्या पट्ट्यात. बाबांचं रान — साफ.

२४ मे

झोप नाही. डोळे मिटले की भुकटी.

२९ मे

एकूण सव्वीस झाडं. मुकादम वेन्झेलनं नकाशा पसरला. “आतल्या जंगलातून येत असता तर वरून खाली आला असता. हा खालून वर चढतोय. खाली कुठली तरी झाडं किड्यांनी भरलीयत, जागा न मिळालेले किडे पुढं सरकतायत.” मग हळूच — “तुझ्या बापाच्या, कोर्बिनियानच्या रानात कोण बघतं?”

“मी.”

“नीट बघतेस ना?”

बघते! गुडघे टेकून बघते!

३१ मे

भिंग घेऊन गेले. रांगत बघितलं. साफ.

२ जून

बाबांना मोतीबिंदूसाठी पासाऊच्या दवाखान्यात सोडलं. तीन दिवस. निघताना वळून वळून रानाकडं तोंड. दिसत नाही, तरी.

४ जून

देवा!

बाबांच्या रानात बावीस झाडं. चार दिवसांपूर्वी कण नव्हता, आणि आज बुंध्यांवर, मुळांवर, कोळ्याच्या जाळ्यांत — भुकटी. आईच्या झाडाखाली तर चिमटीनं उचलावी इतकी. चाकूनं साल उचलली. आत वीतभर लांब बोगदे, पांढऱ्या अळ्या. हे चार दिवसांचं काम नव्हे, महिन्याचं आहे. म्हणजे किडा आमच्याकडून इथं आला नाही. इथून आमच्याकडं गेला.

घरी आले. चुलीशी राख झाडायला आईचा बदकाचा पंख असतो. खिळ्याला नव्हता. बाबांच्या कोटाच्या खिशात सापडला, पिसं तपकिरी झालेली. हुंगून पाहिलं. तपकीर नव्हती, राळेचा वास होता.

बाबा रोज पहाटे भुकटी पुसत होते. बोटांनी चाचपून, एकेक झाड. आणि मी आठ वाजता जाऊन ‘साफ’ लिहीत होते! तीन सह्या आहेत माझ्या.

५ जून

आणलं त्यांना. एका डोळ्यावर पट्टी. वाटेत एकदाच बोलले, “रान साफ आहे ना?” मी गाडी चालवत राहिले.

घरी पंख टेबलावर ठेवला. बाबा बोटांनी चाचपत बसले. जेवले नाहीत. पिल्लं उडायला फार तर दोन-तीन आठवडे. उद्या वेन्झेलला सगळं सांगायचं आणि रंग घेऊन वर जायचं. नोकरी जाईल याची भीती आहेच, पण त्याहून जास्त बापाची वाटतेय.

६ जून

रंगाचा डबा जागेवर नव्हता. धावत वर गेले. आईच्या झाडावर लाल पट्टा — वाकडा, कमरेच्याही खाली, ओला. बाबा मुळाशी बसलेले, हात मनगटापर्यंत लाल.

“तुझा हात लागला नाही याला,” म्हणाले. “जेवायला वेळेवर ये.”